काटा बरोबर, पण पट्टी निघेना

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. तारीख अमेरिकेत ठरली, पण विदर्भात ती नेमकी दसरा आणि दिवाळीच्या मधे आली. म्हणजे सीतादही (वेचणीच्या आरंभीची पूजा) करून पहिली वेचणी घरी यायची आणि जिनिंगच्या फाटकापुढे कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात व्हायची ती वेळ. काट्यावरच्या संगणकाला हात लावायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

हिंगणघाट, वणी, अकोट किंवा पांढरकवडा, कुठेही गेलात तरी गाडीकाट्याची रचना साधारण सारखीच असते. लोखंडी प्लॅटफॉर्मखाली लोडसेल म्हणजे भार मोजणारे सेन्सर असतात, त्यांची वायर केबिनमधल्या लाल आकड्यांच्या इंडिकेटरला जाते. इंडिकेटरच्या मागून दुसरी वायर संगणकात जाते आणि संगणकाला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कार्बन लावलेल्या कागदावर करकर आवाज करत काटापट्टी काढतो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी. एक प्रत शेतकऱ्याला, एक जिनिंगला, एक फाइलला.

संगणकातले विंडोज अपडेट झाले की लोक म्हणतात, काटा मेला. काटा मेलेला नसतो. वैधमापन विभागाचे सील ज्या भागावर आहे तो भाग ठणठणीत असतो, लाल आकडा किलोसह दिसत असतो. फक्त तो आकडा संगणकापर्यंत पोचत नाही, किंवा पोचला तर प्रिंटर उठत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा फरक सांगून उपयोग नसतो. तो विचारतो, "वजन तं दिसून ऱ्हायलं ना भाऊ, मंग पट्टी काहून नाई देत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र साठेक वर्षांत पसरलेले आहे.

इंडिकेटरच्या मागची वायर ज्या पद्धतीने बोलते तिचे नाव आरएस-२३२. हे मानक १९६० चे. त्यात चतुराई काही नाही: ठरलेल्या वेगाने एकामागून एक अक्षरे पाठवायची. म्हणूनच ते टिकले. पूर्वीच्या संगणकांना मागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट असायचे, वायर खोचली की झाले. प्रिंटरचेही तसेच. एप्सनने डॉट मॅट्रिक्ससाठी जी आज्ञांची भाषा रूढ केली ती जवळपास सगळ्या कंपन्यांनी उचलली. प्रिंटरला फक्त अक्षरे पाठवायची, ती कशी उमटवायची हे प्रिंटरचे प्रिंटरला कळत असे. अशा प्रिंटरला विंडोजच्या आधीचे डॉस चालते, विंडोज एक्सपी चालते आणि विंडोज ११ सुद्धा चालते, कारण त्याला समोर कोण बसले आहे याच्याशी देणेघेणेच नाही. तालुक्याच्या ठिकाणी पंधरा-वीस वर्षांचा डॉट मॅट्रिक्स रिबन बदलून आजही चालताना दिसतो तो या कारणाने.

मग स्वस्ताई आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांच्या लक्षात आले की संगणकात प्रोसेसर आहेच, तर प्रिंटरमध्ये वेगळा कशाला घालायचा? डोके संगणकात ठेवले आणि प्रिंटरमध्ये नुसते हातपाय उरले. डायल-अपच्या काळातले 'विनमोडेम' याच विचाराचे. घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात पोचलेले छोटे लेझर प्रिंटर बहुतेक याच जातीचे. एचपीचा लेझरजेट १०२० हे त्याचे टोकाचे उदाहरण: या प्रिंटरचा आतला प्रोग्राम सुद्धा त्याच्याकडे कायमचा नसतो, दर वेळी वीज आली की संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, तो त्याला नव्याने पाठवतो. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात हे यंत्र दिवसातून चारदा शाळेत जाते असे म्हणायला हरकत नाही. ड्रायव्हर आहे तोवर सगळे सुरळीत. ड्रायव्हर गेला की धडधाकट यंत्र ठोकळा होते.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. दोष नुसता अपडेटवर टाकला जातो, पण विकत घेताना वाचलेले पैसे म्हणजे पुढे ढकललेला खर्च होता आणि तो गिऱ्हाइकाला कोणी सांगितला नाही. लोखंडाचे आयुष्य वीस वर्षे, ड्रायव्हरचे सात-आठ. दोन्ही एकाच बिलावर.

पहिला मोठा दणका २००७ चा. त्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आले आणि एक्सपीच्या काळात लिहिलेले असंख्य ड्रायव्हर निकामी झाले. ग्राफिक्सची रचना बदलली, ६४ बिट आवृत्तीत डिजिटल सही नसलेल्या ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यात प्रवेश बंद झाला. प्रिंटर-स्कॅनर बनवणाऱ्यांनी जुन्या मॉडेलसाठी नवे ड्रायव्हर लिहायचा कंटाळा केला, त्यांना नवे मॉडेल विकायचे होते. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले तेव्हा एक गमतीची गोष्ट बाहेर आली. कंपनीचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे संचालक जॉन शर्ली यांनाही स्वतःच्या घरच्या प्रिंटर आणि स्कॅनरसाठी व्हिस्टाचे ड्रायव्हर मिळत नव्हते, आणि त्यांनी तशी तक्रार लिहून केली होती. संचालकांची ही गत, तर आर्णीच्या झेरॉक्सवाल्याने कोणाकडे जावे?

विदर्भाच्या खेड्यात व्हिस्टा फारसे आलेच नाही. नवा संगणक घेतला तरी "हे काढा अन् एक्सपी टाकून द्या" अशी मागणी असायची. त्या काळी अपग्रेड ही ठरवून करायची गोष्ट होती. तालुक्याहून मेकॅनिक येणार, खिशातून सीडी काढणार, फॉरमॅट मारणार, विंडो टाकणार, आणि काटा-प्रिंटर चालतो की नाही ते बघूनच पैसे घेणार. नाही चाललं तर जुनी सीडी त्याच्या खिशातच असे. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले, २०१६ पासून त्यांची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. यंत्रांची संख्या वाढत गेली, पण बराच काळ इंटरनेट इतके कासवगतीचे होते की अपडेट उतरायचाच नाही. ही गैरसोयच एक प्रकारचे कुंपण होती.

हे कुंपण दोन गोष्टींनी मोडले. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आले, वर्षभर फुकट. विंडोज ७ आणि ८ वाल्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात आमंत्रण झळकू लागले. २०१६ मध्ये तर त्या खिडकीची फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळेचे अपग्रेड रद्द होत नसे. जगभर आरडाओरडा झाल्यावर कंपनीने ते बदलले. शिवाय विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अपडेट कायमचे बंद करायची सरळ सोयच ठेवली नव्हती. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणे गावोगावी परवडू लागले. आता मेकॅनिकची वाट बघायची गरज उरली नाही. रात्री संगणक चालू राहिला तर सकाळी विंडोज वेगळे असे.

काटेवाल्यांचे दुखणे मात्र एका छोट्या केबलमध्ये आहे. नव्या संगणकांतून सिरियल पोर्ट गेले, त्यामुळे इंडिकेटर आणि संगणक यांच्यामध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर आला. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणारा, टोकाशी निळसर प्लास्टिक असलेला. त्याच्या पोटात एक चिप असते. अशा चिप बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे स्कॉटलंडची एफटीडीआय आणि तैवानची प्रोलिफिक. दोघींच्या चिपची नक्कल अफाट झाली, आणि आपण घेतलेली केबल अस्सल की नकली हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

२०१४ च्या ऑक्टोबरात या नकलांवर सूड उगवला गेला. एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर गेला. तो नकली चिप ओळखायचा आणि तिच्या आत लिहिलेला ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. मग ती केबल दुसऱ्या संगणकात लावली तरी ओळखली जात नसे. नक्कल करणारा राहिला बाजूला, केबल विकत घेणारा भरडला गेला. टीका इतकी झाली की तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. प्रोलिफिकने इतका आडदांडपणा केला नाही, पण तिच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या अस्सल चिपलाही नकार दिला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, पिवळे चिन्ह दिसते आणि नावाच्या जागी चक्क निरोप असतो: ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. पुरवठादार म्हणजे कोण, बाजारातला मोबाइल कव्हर विकणारा पोरगा?

यावरचा उपाय सगळ्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे. जुना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवायचा आणि नव्याच्या जागी तो बसवायचा. काटा लगेच बोलू लागतो. पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा ड्रायव्हर आणून बसवते आणि पुन्हा फोन येतो.

अडतीच्या जुन्या हिशेबांची गोष्ट याहून सरळ आहे. डॉसवरच्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षे चालले, कारण ३२ बिट विंडोज त्यांना सांभाळून घेत असे. ६४ बिट विंडोज ते चालवतच नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. डॉसची नक्कल करणारे प्रोग्राम वापरून कामे रेटता येतात, प्रिंट काढताना मात्र कस लागतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे तेच: मराठी फॉन्टच्या जुन्या महागड्या पॅकेजची किल्ली म्हणून संगणकाला मागे लावायचे एक डोंगल असे. ज्यांचे डोंगल समांतर पोर्टचे होते, त्यांना ते लावायला नव्या संगणकात भोकच नाही.

तरी अपडेट नकोच, असे म्हणणाऱ्यांची बाजूही मला पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ते ज्या भगदाडातून शिरले ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी घेतला नाही ते अडकले. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेतच गंभीर खिंडार सापडले. ते बुजवणे भागच होते, पण बुजवताना अनेक कार्यालयांत एका संगणकाला जोडून बाकीच्यांनी वाटून घेतलेला प्रिंटर नेटवर्कवरून छापेनासा झाला. कुलूप बदलले की जुन्या किल्ल्या चालत नाहीत हे समजण्यासारखे आहे. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत याची चौकशी आधी होत नाही, ही तक्रार आहे.

सेवा केंद्रातल्या थंब मशीनची, म्हणजे बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची, कथा मात्र वेगळी, कारण तिथे यंत्र बाहेर काढणे हेच उद्दिष्ट होते. आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची अट आणली. सुरुवातीच्या एल-झिरो यंत्रांत बोटाच्या ठशाला कुलूप लावायचे काम संगणकातला प्रोग्राम करी, त्यामुळे मधेच ठसा चोरण्याची किंवा खोटा ठसा घुसवण्याची फट राहत होती. एल-वन मध्ये ते काम यंत्राच्या आतच होते. म्हणजे प्रिंटरवाल्यांनी बाहेर काढलेले डोके इथे पुन्हा यंत्रात घातले गेले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण काच स्वच्छ, दिवा पेटतो, ठसाही घेतो असे जुने यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून नवे घ्यायचा खर्च केंद्र चालवणाऱ्याच्या खिशातून गेला, वर दरवर्षी त्याच्या आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिसचे रिचार्ज. पीएम-किसानच्या ई-केवायसीला आलेल्या म्हाताऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त "थंब घेत नाही, उद्या या" ऐकू येते.

आता विंडोज ११. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा. काट्याच्या केबिनमधल्या धुळीने भरलेल्या कितीतरी डब्यांना हे जमणारे नाही. ज्या घरगुती वापरकर्त्यांना संगणक बदलायचा नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ ठेवली. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या खात्याशी जोडला तर ती फुकट, अशी सोय केली.

ज्यांना बदलायचाच आहे त्यांनी मदरबोर्डवर कॉम (म्हणजे सिरियल) पोर्टच्या पिना आहेत का ते दुकानातच विचारावे. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर त्या अजून असतात, फक्त मागची पट्टी वेगळी घ्यावी लागते. नसतील तर सिरियल पोर्टचे कार्ड आत बसवता येते. लॅपटॉपवर काटा चालवायचा हट्ट धरला तर पुन्हा ती निळी केबल आलीच. आणि हे काम वेचणी संपल्यावर, उन्हाळ्यात काढावे.