वन्य पशू (हिब्रू धर्मग्रंथातील)

यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात (तनख) जनावरांसाठी दोन शब्द वारंवार येतात. ‘बेहेमा’ म्हणजे बहुधा गोठ्यातली गुरेढोरे आणि ‘हय्या’ म्हणजे रानातले श्वापद. माणसाची सत्ता कुठवर चालते हा प्रश्न मुख्यतः हय्याभोवती उभा राहतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात (१:२८) देव माणसाला मासे, पाखरे आणि भूमीवरच्या जिवांवर सत्ता देतो. हे वचन सुटे काढून सांगितले की गफलत होते. लगेच पुढच्या वचनात माणसाला अन्न म्हणून फक्त धान्य-वनस्पती आणि फळेच दिली आहेत; मांसाची मुभा जलप्रलयानंतरची (९:३).

सत्तेची हद्द सर्वांत स्पष्ट दिसते ती ईयोबाच्या पुस्तकात (अध्याय ३८ ते ४१). सर्वस्व गमावलेला ईयोब जाब मागतो आणि देव वावटळीतून त्याला सिंह, कावळा, पहाडी बकरी, रानगाढव, शहामृग दाखवतो. रानगाढव खाऱ्या माळावर राहते, गावाच्या गलबल्याला हसते, हाकणाऱ्याची आरोळी त्याच्या कानी पडत नाही. मग ‘रेएम’, म्हणजे रानबैल: तो तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढील का? त्याला दोराने नांगराच्या तासाला बांधशील का? तुझे धान्य तो खळ्यावर आणील असा भरवसा धरशील का? हे प्रश्न कोणाला विचारले आहेत ते पाहावे. पहिल्या अध्यायात ईयोबाची मालमत्ता मोजली आहे; तीत ५०० बैलजोड्या आणि ५०० गाढवीही आहेत. बैल-गाढवे ज्याच्या श्रीमंतीचा भाग होती, त्याला त्यांचेच रानातले भाऊबंद दाखवले जातात. शेवटी येतो लिव्याथान, समुद्रातला महाकाय प्राणी. त्याला मुलींच्या खेळण्यासाठी पाखरासारखा बांधून ठेवशील का, असे देव विचारतो.

रेएम म्हणजे पुढे नामशेष झालेला ऑरॉक्स, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. त्यातला शेवटचा १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेला. प्राचीन ग्रीक भाषांतराने मात्र त्याला एकशिंगी केले.

स्तोत्र १०४ मध्ये रात्र सिंहांची आणि दिवस माणसाचा, अशी वाटणीच आहे. नियमशास्त्राने (मोशेच्या कायद्याने) ती शेतापर्यंत आणली. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. आपोआप उगवेल त्यावर गरिबांचा, गुरांचा आणि रानच्या पशूंचाही हक्क (निर्गम २३:११, लेवीय २५:७). पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, यातून बारकाईचा नियम काढला: त्या प्रकारचे पीक रानातल्या हय्याला शेतात मिळते आहे तोवरच घरात साठवता येते. शेतातले संपले की घरातला साठाही बाहेर काढायचा.