फूको म्हणतो म्हणून?

प्रबंधाचं दुसरं प्रकरण ‘सैद्धान्तिक चौकट’ असतं आणि चौथ्या, म्हणजे विश्लेषणाच्या, प्रकरणाला बहुतेकदा त्याचा पत्ताही नसतो. थोरांची अवतरणं एका जागी मांडली की काम झालं, ही सवय फार जुनी.

मध्ययुगीन युरोपातल्या वादविवादात मान्यवर ग्रंथकाराचं वचन हाच मोठा पुरावा होता. अगदी बाबा वाक्यं प्रमाणम्. बाराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर आबेलारने याच वचनांची पंचाईत करून ठेवली. १५८ प्रश्न घेतले, प्रत्येकाखाली चर्चच्या आचार्यांची एकमेकांना छेद देणारी वचनं ठेवली आणि निवाडा वाचकावर सोडला. पुढे १६६० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचं ब्रीदच मुळी ‘कुणाच्या शब्दावर विसंबू नका’ अशा अर्थाचं. १६६५ मध्ये तिचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी सुरू केलेल्या नियतकालिकात भर होता तो पाहिलेल्या आणि करून बघितलेल्या गोष्टींवर.

मग सिद्धान्त परत आला कसा? समाजशास्त्रात माहितीचे ढीग साचले, पण त्यातून काय म्हणायचं ते ठरेना. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ‘मध्यम पल्ल्याचे सिद्धान्त’ सुचवले, म्हणजे सगळ्या समाजाचं स्पष्टीकरण न देता माहितीवर तपासता येतील असे मर्यादित आवाक्याचे सिद्धान्त; सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये हवेतले महासिद्धान्त आणि विचारशून्य आकडेमोड, दोघांनाही झोडपलं. त्याआधी वर्षभर तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी युक्तिवादाची फोड केली होती: पुराव्यावरून दाव्याकडे जायला आधार लागतो, आणि तो आधार पुराव्याहून वेगळा असतो. माझ्या मते सिद्धान्ताची खरी जागा तिथे आहे.

सिद्धान्त वापरावा कसा, हे साहित्यसमीक्षक एडवर्ड सईद यांच्याकडे बघावं. पौर्वात्य जगाविषयीच्या पाश्चात्त्य लेखनाची १९७८ मध्ये चिकित्सा करताना त्यांनी फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोची संभाषिताची (एखाद्या विषयावर काय आणि कसं बोललं जातं ते ठरवणाऱ्या चौकटीची, म्हणजे ‘डिस्कोर्स’ची) कल्पना घेतली, पण एकेका लेखकाचा ठसा महत्त्वाचा असतो असं सांगत तिथल्या तिथे त्याच्याशी मतभेदही नोंदवला. उलट ग्लेझर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच बजावलं होतं, की तयार सिद्धान्तात माहिती कोंबू नका, माहितीतून सिद्धान्त उभा करा. २००८ मध्ये लेखनाचे अभ्यासक जोसेफ बिझप यांनी तर संदर्भांची विभागणीच ‘लेखक त्यांचं काय करतो’ यावरून केली. पार्श्वभूमीचे, तपासायचे, वाद घालायचे आणि पद्धत पुरवणारे असे ते चार. सैद्धान्तिक ग्रंथ बहुधा शेवटच्या गटात बसतात.

‘फूकोच्या मते सत्ता सर्वत्र असते, म्हणून या वर्गातही ती आहे’ हे वाक्य आजचं असलं तरी वळण आबेलारच्या आधीचं. त्याऐवजी असं बघा: वर्गातला कॅमेरा महिनाभर बंद आहे, मुलांना ते ठाऊक नाही, आणि मागचा बाक गप्प आहे. इंग्रज विचारवंत बेंथम यांनी आखलेल्या तुरुंगातल्या मधल्या पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून फूकोने मांडलेली नजरेची कल्पना इथे कामाला येते, कारण पहारेकरी आत आहे की नाही हे कैद्याला कळतच नाही. आणि कॅमेरा चालू असूनही मागचा बाक खुशाल कुजबुजत असेल, तर ही कल्पना इथे कुठे अपुरी पडते तेही निबंधात लिहावं लागतं.