काय भरले, काय उरले: सामाजिक विमा आणि सामाजिक साहाय्य

काम सुटलेल्या दोन माणसांना सरकारी यंत्रणेकडून जवळपास सारखीच रक्कम मिळत असेल, तर बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही ‘सरकारी मदतीवर’ आहेत असेच वाटते. अर्थसंकल्पाच्या बातम्यांतही दोन्ही खर्च बहुधा एकाच मथळ्याखाली येतात. प्रत्यक्षात पहिल्याला ‘तुम्ही आजवर किती भरले?’ असे विचारले गेलेले असते आणि दुसऱ्याला ‘तुमच्याकडे आता काय उरले आहे?’ असे. पहिली व्यवस्था सामाजिक विम्याची, दुसरी सामाजिक साहाय्याची. (काहीही न विचारता सर्वांना मिळणाऱ्या सेवांचा, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसारखा, तिसरा प्रकारही आहे, तो येथे बाजूला ठेवतो.) कल्याणकारी राज्य आर्थिक संकटात नेमके कुठे उसवते, हे समजायचे तर या दोन प्रश्नांमधला सांधा पाहावा लागतो.

सामाजिक विम्याचा राष्ट्रव्यापी प्रयोग प्रथम जर्मनीत झाला. चॅन्सलर (पंतप्रधान) बिस्मार्कच्या काळात १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य व अपंगत्वाचा विमा आला. समाजवादी पक्षावर बंदीहुकूम चालू असतानाच हे कायदे झाले, त्यामुळे कामगारांना चळवळीपासून दूर ओढण्याचा हेतू फारसा लपलेला नव्हता. वार्धक्यवेतनाचे वय ७० ठेवले होते. त्या काळातले किती कामगार तिथवर पोचत, याचा अंदाज कोणीही करू शकेल. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा विमा सर्वांत गरिबांसाठी नव्हता. तो नियमित मजुरी मिळवणाऱ्या, म्हणजे ज्याच्या मजुरीतून वर्गणी कापता येते अशा माणसासाठी होता आणि त्याच कारणाने त्यातून मिळणाऱ्या रकमेला हक्काचे रूप आले.

साहाय्याची वंशावळ याहून जुनी आणि बरीच कडू आहे. इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीब कायद्याने निर्धनांचा भार स्थानिक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या गावपातळीच्या विभागावर, टाकला. १८३४ च्या सुधारणेने मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मिळवणाऱ्या स्वतंत्र मजुराहूनही वाईट असली पाहिजे असे तत्त्व घालून दिले. अशी मदत घेणारा १९१८ पर्यंत मतदानाचा हक्क गमावत असे. १९०८ चे वृद्ध निवृत्तिवेतन हा या परंपरेतला मोठा बदल होता. सत्तरी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तीला आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले, तेही करांतून आणि मताधिकार न गमावता. म्हणजे उत्पन्नाची चौकशी कायम राहिली, शिक्षा गेली. तीनच वर्षांनी, १९११ साली, ब्रिटनने आजारपण आणि बेकारीसाठी वर्गणीचा विमाही आणला. एकाच देशात दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी वाढू लागल्या आणि गोंधळाला सुरुवात झाली ती इथूनच.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सामाजिक विमा हा खाजगी विम्यासारखा हिशेब ठेवत नाही. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार पहिले मासिक निवृत्तिवेतन १९४० साली आयडा मे फुलर यांना मिळाले. त्यांनी एकूण भरले होते २४.७५ डॉलर, पहिलाच धनादेश होता २२.५४ डॉलरचा आणि आयुष्यभरात त्यांना मिळाले २२ हजार डॉलरहून अधिक. तरीही कोणी त्याला खैरात म्हटले नाही, कारण वर्गणी भरल्याची नोंद होती. विम्याचे खरे बळ त्याच्या गणितापेक्षा या नोंदीत आहे. त्याच कायद्याने निर्धन वृद्धांना आणि आधार नसलेल्या मुलांना उत्पन्न तपासून देण्याचे साहाय्यही सुरू केले, आणि शेतमजूर व घरकामगारांना मात्र निवृत्तिवेतनाच्या विम्याबाहेर ठेवले. ज्यांची नोंद होण्याची शक्यताच नव्हती, ते आपोआप दुसऱ्या प्रश्नाच्या रांगेत गेले.

मंदीत विमा सुरुवातीला उत्तम चालतो. रोजगार घटला की कोणी नवा निर्णय न घेताही भत्ते वाहू लागतात आणि लोकांची खरेदी एकदम कोसळत नाही. अडचण येते ती मंदी लांबल्यावर. जर्मनीने १९२७ साली बेकारी विमा आणला तो काही लाख बेकारांचा अंदाज धरून. दोनच वर्षांत निधी तुटीत गेला. वर्गणी किती वाढवायची या वादातून मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले. त्याच वर्षात वर्गणी मजुरीच्या साडेसहा टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे कामावर उरलेल्यांवरचा बोजा नेमका नको त्या वेळी वाढला, आणि पुढे भत्त्याची मुदतही कापली गेली. १९३२ मध्ये नोंदलेले बेकार सुमारे ६० लाख होते. त्यांतला सर्वांत मोठा गट विम्यातून बाहेर पडून नगरपालिकांच्या साहाय्यावर आला होता, आणि नगरपालिकांचे स्वतःचे उत्पन्न त्याच मंदीने आटलेले होते. सर्वांत मोठा भार सर्वांत दुबळ्या तिजोरीवर येऊन पडला.

ब्रिटनमध्येही ऑगस्ट १९३१ मध्ये बेकारी भत्त्यात १० टक्के कपात करण्याच्या प्रश्नावर मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. नव्या राष्ट्रीय सरकारने कपात केली, विम्याचा भत्ता २६ आठवड्यांवर आणला आणि त्यापुढे संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी लावली. मुलाला मजुरी मिळत असेल तर बापाचा भत्ता कमी होई. त्यामुळे मुले घर सोडून वेगळी राहू लागली. या चौकशीबद्दलचा राग इतका खोल होता, की ब्रिटनच्या युद्धोत्तर सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने वर्गणीचा विमा हाच पाया धरला आणि साहाय्य हळूहळू किरकोळ उरेल अशी अपेक्षा ठेवली. ते किरकोळ उरले नाही, कारण विम्याची रक्कम घरभाडे धरून पुरत नव्हती.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर हीच जुनी शिवण निरनिराळ्या देशांत निरनिराळी दिसली. जर्मनीने बेकारी विम्याच्या निधीतूनच कमी तासांच्या कामाची योजना चालवली. कामगार नोकरीत राहतो आणि बुडालेल्या निव्वळ मजुरीचा ६० टक्के (मुले असल्यास ६७ टक्के) भाग विमा देतो. त्यामुळे २००९ मध्ये उत्पादन सुमारे ५ टक्के घटूनही बेकारी फारशी वाढली नाही. अमेरिकेत साहाय्याच्याच दोन शाखा वेगळ्या वागल्या. गरजेप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या अन्नसाहाय्याचे लाभार्थी २००८ ते २०१३ या काळात सुमारे २.८ कोटींवरून ४.७ कोटींवर गेले, तर १९९६ साली ठरावीक वार्षिक रकमेला बांधलेले गरीब कुटुंबांचे रोख साहाय्य जागचे फारसे हलले नाही. तेव्हा साहाय्य म्हणजे संकटात नेहमीच मागे पडणारी गोष्ट, असे सरसकट म्हणता येत नाही. निधी मोकळा आहे की बांधलेला, यावर बरेच ठरते. ग्रीसकडे निवृत्तिवेतनाचा विमा भरभक्कम होता, पण किमान उत्पन्नाची देशव्यापी योजना नव्हती. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर असताना भत्ता जास्तीत जास्त १२ महिने मिळत होता आणि बेकारी लांबली की आरोग्य विमाही सुटत होता. विमा नसलेल्यांना सरकारी आरोग्यसेवा खुली करणारा कायदा २०१६ साली झाला, आणि किमान उत्पन्नाची योजना देशभर लागू झाली ती २०१७ मध्ये.

२०२० च्या महासाथीत अमेरिकेने वर्गणीच्या विम्यात न बसणाऱ्या स्वयंरोजगारींसाठी तात्पुरता बेकारी भत्ता काढला. त्याच्या नावात ‘साहाय्य’ हा शब्द होता, पण मालमत्तेची चौकशी नव्हती. वर्गणी भरल्याची अटही नव्हती. महासाथीमुळे काम थांबले का, एवढाच प्रश्न होता. सप्टेंबर २०२१ मध्ये ती योजना संपली आणि स्वतःच्या गाडीने भाडी मारणारा चालक पूर्वीच्याच जागी परतला: भरल्याची नोंद नाही, आणि उरलेले मदत मिळण्याइतके कमीही नाही.