उत्तर करेलिया प्रकल्प

लोकांचा रोजचा आहार आणि सवयी बदलून एका अख्ख्या प्रांतातील हृदयविकार कमी करण्याचा प्रयोग. फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेलगत असलेल्या उत्तर करेलिया प्रांतात तो १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९७ पर्यंत चालला. जीवनशैली बदलल्यास हृदयविकार टळतो का, या प्रश्नाचे प्रत्यक्ष समाजात मिळालेले हे सर्वांत ठोस उत्तर म्हणावे लागेल.

पार्श्वभूमी. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस सात देशांतील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी सुरू झाली. फिनलंडमधून निवडलेल्या दोन गटांपैकी एक पूर्वेकडचा, उत्तर करेलियातील इलोमान्त्सी भागातला होता. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते याच पूर्व फिनलंडमध्ये. हे पुरुष बैठे काम करणारे नव्हते. जंगलात लाकूडतोड आणि शेती करणारी ही काटक माणसे ऐन पन्नाशीत, कधी चाळिशीतच छातीत कळ येऊन दगावत होती. अंगमेहनत केली की हृदय आपोआप सुरक्षित राहते, हा समज इथे टिकत नाही.

कारण त्यांच्या ताटात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गरिबी हटली तशी घरोघरी दूधदुभत्याची रेलचेल झाली. पावावर लोण्याचा जाड थर, जेवताना साय न काढलेले दूध, डुकराचे चरबीयुक्त मांस आणि सॉसेज असा रोजचा आहार असे. हिवाळा दीर्घ असल्याने टिकाऊ पदार्थांवर भर होता आणि त्यामुळे मिठाचे प्रमाणही फार होते. ताज्या भाज्या क्वचितच पानात पडत. १९७२ च्या पाहणीत जवळजवळ ९० टक्के लोक पावाला लोणी लावत होते आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करत होते. मध्यमवयीन पुरुषांचे रक्तातील सरासरी कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे २६० मिलिग्रॅमच्या पुढे होते. सरासरीच एवढी असल्यावर धोका काही मोजक्या रुग्णांपुरता उरत नाही, सारा समाजच त्या छायेत असतो. प्रकल्पाची पुढची सारी आखणी या एका जाणिवेवर उभी राहिली.

प्रारंभ. मागणी लोकांकडूनच आली, हे विशेष. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे राज्यपाल, खासदार आणि स्थानिक प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीचा अर्ज केला. तिशीही न गाठलेले डॉक्टर पेक्का पुस्का यांच्याकडे कामाची धुरा सोपवण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेचे सहकार्य मिळाले. तुलनेसाठी शेजारच्या कुओपियो प्रांताची निवड झाली.

कार्यपद्धती. पत्रके आणि व्याख्याने होतीच, पण नुसत्या उपदेशाने पावावरचे लोणी हटत नाही हे पुस्का यांच्या चमूने लवकर ओळखले. घरचा स्वयंपाक ज्यांच्या हाती, त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे होते. आपल्याकडील महिला मंडळांसारखी ‘मार्था’ ही गृहिणींची जुनी संघटना फिनलंडमध्ये गावोगाव रुजलेली आहे. तिच्या मदतीने ‘दीर्घायुष्याच्या संध्याकाळी’ भरू लागल्या. थोडक्यात माहिती सांगायची, मग सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि एकत्र जेवायचे, असे त्यांचे स्वरूप होते. मांसाचे तुकडे भट्टीत मंद आचेवर तासन् तास शिजवून केलेला रस्सा हा इथला लाडका पदार्थ. तो वर्ज्य ठरवला गेला नाही. त्यातले चरबीदार मांस आणि मीठ कमी करून गाजर, बटाटे आणि सलगमच्या जातीचे कंद वाढवण्यात आले. चव ओळखीचीच राहिली, म्हणून तो घरोघरी स्वीकारला गेला.

गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा शेकडो स्त्री-पुरुषांना साधे प्रशिक्षण देण्यात आले. परिचारिकांनी रक्तदाब तपासून नोंदवह्या ठेवल्या आणि वाढलेल्या रक्तदाबावर नियमित उपचार मिळतील असे पाहिले. धूम्रपान सोडण्याचे कार्यक्रम राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. कोणते गाव कोलेस्टेरॉल अधिक उतरवते, अशा स्पर्धाही लागल्या.

बाजार बदलणे सर्वांत अवघड होते. दुग्धव्यवसायावर हजारो कुटुंबांचे पोट असल्याने लोण्याविरुद्धच्या प्रचाराला कडाडून विरोध झाला. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा शेतकऱ्यांना दुसरा मार्ग दाखवण्याचे धोरण ठेवले गेले. तिथल्या थंड हवेत बेरी प्रकारची छोटी रसाळ फळे उत्तम येतात, म्हणून त्यांच्या लागवडीला आणि प्रक्रियेला उत्तेजन मिळाले. मोहरीच्या कुळातील तेलबियांचे देशी तेल पुढे स्वयंपाकघरात रुळले. कमी स्निग्धांशाचे दूध दुकानांत आले, तर सॉसेज बनवणाऱ्यांनी चरबीचा काही भाग काढून त्याजागी अळिंबी घातली. १९७६ च्या तंबाखू कायद्याने सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी घातली. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुकानात हलके दूध मिळतच नसेल, तर ते पिण्याचा सल्ला देऊन काय उपयोग?

परिणाम. पहिल्या पाच वर्षांतील अनुभव पाहून १९७७ नंतर हे काम देशभर नेण्यात आले. ३५ ते ६४ वयोगटातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तर करेलियात पंचवीस वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांनी घटले. पुढे ही घट ८० टक्क्यांच्याही वर गेली. पावाला लोणी लावणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोडे उरले. रक्तदाब आणि पुरुषांमधील धूम्रपानही ठळकपणे कमी झाले. मृत्यूदरातील घटीचा मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरण्याचा होता. औषधे आणि शस्त्रक्रियांचा वाटा पुढच्या काळात वाढत गेला.

आक्षेप आणि मर्यादा. कुओपियोमध्येही मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यामुळे प्रकल्पाचे नेमके श्रेय किती, यावर संशोधकांत वाद झाला. हा आक्षेप योग्यच आहे, पण बातम्या, दूरचित्रवाणी आणि नवे खाद्यपदार्थ प्रांताच्या वेशीवर थांबत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्त्रियांमधील धूम्रपान मात्र या काळात वाढले; पुरुषांना डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या कामातली ही उणीव होती. २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत अनेक दशकांच्या घसरणीनंतर फिनलंडमधील सरासरी कोलेस्टेरॉल पुन्हा किंचित वाढलेले दिसले. कर्बोदके टाळून लोणी खाण्याची लाट त्या सुमारास तिथे आली होती.