पुण्यातील हरित वास्तुरचना

हरित वास्तुरचना : ऊन, वारा, पाऊस आणि जमीन ध्यानात घेऊन, कमीत कमी वीज, पाणी व साहित्य खर्ची पडेल अशा बेताने इमारत बांधण्याची आणि वापरण्याची पद्धत. यातला ‘वापरण्याची’ हा शब्द व्याख्येतून बहुधा गळतो. पुण्यात तर सगळे घोडे तिथेच अडते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी. पाऊस होतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असल्याने रात्री चांगलाच उतरतो. ही तफावत हेच इथल्या वास्तुरचनेचे भांडवल : घर दिवसा झाकायचे, रात्री उघडायचे. मुंबईच्या दमट हवेत हा डाव चालत नाही.

पेशवाईतल्या वाड्यांना तो ठाऊक होता. दगडी जोते, जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, मधला चौक आणि त्याभोवती पडवी-ओसरी अशी मांडणी असे. रात्री गार हवा चौकात उतरे, दिवसा पडवीची सावली आतल्या भिंती तापू देत नसे. पाण्याची सोयही उताराच्या भरवशावर होती : अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांत पाणी आले, तेही कोणत्याही यंत्राविना. म्हणून वाड्याचे नुसतेच गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. माजघरात भर दुपारी दिवा लागे, लाकूडकामाला आगीचे भय असे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती कशा कोसळल्या, हे जुन्या पुणेकरांना सांगावे लागत नाही.

आजच्या फ्लॅटमध्ये चौक नसतो, भिंती पातळ असतात. तेव्हा पहिला प्रश्न दिशेचा. पुण्याचे अक्षांश साडेअठराच्या आसपास असल्याने मेच्या मध्यावर सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही. डिसेंबरात सूर्य दुपारी सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात हवेसे ऊन देते आणि दोन फुटांचा छज्जा तिला उन्हाळ्यासाठी पुरतो. खरी अडचण पश्चिमेची. कलते ऊन छज्जाखालून सरळ आत घुसते; तिथे उभे पडदे, जाळी, झाड, नाहीतर जिना-न्हाणीघर-कपाटे असा आडोसाच कामाचा. पश्चिमेला काचेची भिंत उभारून आत एसी बसवायचा आणि इमारतीला हरित म्हणायचे, हा प्रकार आयटी पार्कांच्या परिसरात पाहायला मिळतो.

छप्पर हा दुसरा मुद्दा. उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन खाते ती गच्ची, आणि स्लॅब ती उष्णता रात्रभर खाली सोडतो. गच्चीवरचा कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला थर) गळती रोखण्यासाठी असतो. तापणे कमी करायचे तर वर पांढरा रंग, चुना किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या फरश्यांचे तुकडे) हवे. सौर बंब पुण्यात फार पूर्वीपासून रुळले. वीज करणाऱ्या सौर पॅनेलांना १ किलोवॉटमागे सुमारे १० चौ.मी. जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. शिवाय स्लॅबवर सावली पडते, तिचा हिशेब कुणी मांडत नाही. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

पाण्याचे गणित सोपे दिसते. १०० चौ.मी. छपरावर ७०० मिमी. पाऊस म्हणजे ७०,००० लिटर. गळती-उडती वजा जाता ५६,००० तरी हाती लागावे. माणशी रोजच्या १३५ लिटरच्या शासकीय निकषाने चौघांच्या घराला हे साडेतीन महिने पुरेल. पण ते येते नेमके नळाला पाणी असते तेव्हा, आणि एवढी टाकी कुठे बांधणार? म्हणून पाणी जमिनीत मुरवतात. पुण्याखालचा काळा पाषाण मात्र पाणी सहजी पीत नाही. ते शिरते भेगांत आणि मुरमाच्या थरात. अखंड कातळावर खोदलेला शोषखड्डा पावसाळ्यात नुसता तुंबून राहतो. आधी भूजलाची पाहणी, मग खड्डा, हा क्रम सोसायट्या सर्रास उलटा करतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल व्यवस्था बंधनकारक आहे.

ओल्या कचऱ्याचे गांडूळखत आता सवयीचे झाले आहे. खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्यातील संस्थेने विकसित केले. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

इमारत किती हरित आहे याचा दर्जा ठरवणाऱ्या मानांकनांत ‘गृह’, ‘लीड’ आणि आयजीबीसी ही नावे चालतात. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेले हडपसरचे ‘सुझलॉन वन अर्थ’ हे लीडचा सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ दर्जा मिळालेले कार्यालय देशभर अभ्यासले जाते. सौर, पर्जन्यजल किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना पुणे महापालिका मालमत्ता करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. ‘चालू असलेल्या’ हे महत्त्वाचे.

कारण कागदावरची रचना राहणारे लोक बदलतात. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली की खिडकीवरची सावली गेली आणि वाराही. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग एका वेळी उघडतो. जुन्या बंगल्यांतली दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडे. डासांमुळे संध्याकाळी खिडक्या बंद होतात, म्हणजे नेमका गार वारा सुटतो तेव्हाच. जाळीची दारे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय कुठल्याच मानांकनाच्या माहितीपत्रकात ठळक दिसत नाही.

पुनर्विकासात तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून टॉवर उभे राहतात. नव्या इमारतीची वीजबचत मोजली जाते. पाडलेल्या सिमेंट-पोलादात गेलेली ऊर्जा हिशेबात धरली जात नाही. वाडा उतरवला तर सागवानी खांब, तुळया, दरवाजे जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन पुन्हा कुठेतरी लागतात. फ्लॅटचा राडारोडाच होतो.