हवामान-अनुकूल शेतीसाठी भागीदारी : नाशिक जिल्ह्यातील आखणी

हवामान-अनुकूल शेतीची भागीदारी म्हणजे अल्पभूधारक शेतकऱ्यांचा गट, तांत्रिक सल्ला देणारी संस्था, पैसा पुरवणारी संस्था आणि माल घेणारा खरेदीदार यांनी एका ठरावीक शिवारासाठी केलेला लेखी करार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2010 मध्ये मांडलेल्या या संकल्पनेत तीन गोष्टी एकत्र येतात : उत्पादन आणि उत्पन्न वाढणे, लहरी हवामानाला पिकाने तोंड देणे आणि शक्य तिथे हरितगृह वायू कमी करणे. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्पभूधारक, तर एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. त्याचा एक हंगाम गेला की पुढच्या हंगामाचे भांडवलही जाते. त्यामुळे तंत्र निवडण्याआधी पहिल्या वर्षी पीक फसले तर तोटा कोण सोसणार, हे ठरवावे लागते. नाशिकमध्ये आखलेली कोणतीही भागीदारी याच प्रश्नावर टिकते किंवा मोडते.

एक जिल्हा, वेगवेगळा पाऊस

पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यासाठी एकच आराखडा चालत नाही. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा डोंगराळ, भात-नागलीचा पट्टा आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तरी वैशाखात तिथल्या पाड्यांवर हंडे रांगेत लागतात. पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडचा अवर्षणप्रवण भाग आहे आणि तिथे 500 मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागवावे लागते. मधल्या निफाड-दिंडोरीत द्राक्ष, टोमॅटो, कांदा आणि कालव्याचे पाणी. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागात कांदा आणि डाळिंब. अवकाळी पाऊस आणि गारपीट मात्र सगळीकडेच.

जुना पाया : फड आणि वाघाड

तोटा वाटून घेण्याची रीत या जिल्ह्याला परकी नाही. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडलेले असत आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असे. पाणी कमी पडले की एखादा फड पडीक ठेवत, त्यामुळे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई. पाणी देणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा हवालदार ही माणसे गावाने नेमलेली असत. आजच्या प्रकल्प-अहवालांत ज्याला जोखीम-वाटप म्हणतात, त्याची याहून स्वच्छ मांडणी शोधून सापडणार नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापनाने मोजून घेतले, नाल्यांवरील बंधाऱ्यांत ते सोडून विहिरींना पाझर दिला आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा 2005 चा. ओझरचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

आखणीचा क्रम

सुरुवात शिवारफेरीने करतात. विहिरींची पाणीपातळी, बोअरची खोली, उताराची दिशा, पाणी तुंबणारी वावरे हे सगळे चालत पाहून नकाशावर घेतात. मग पाण्याचा ताळेबंद. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी झाले. म्हणजे 1000 हेक्टरच्या गावात 500 मिलिमीटर पावसाचे 50 लाख घनमीटर पाणी पडते, पण त्यातले बरेचसे बाष्प होऊन किंवा वाहून जाते. उन्हाळ कांद्याला मोकळ्या पाटपाण्याने हंगामभर 60 सेंटीमीटर पाणी धरले, तर हेक्टरी 6000 घनमीटर लागते आणि 200 हेक्टर कांदा 12 लाख घनमीटर पितो. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडावा. आपल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या बोअरशी जोडलेले आहे, हे तिथे सगळ्यांना एकदम दिसते.

नंतर कामाची दिनदर्शिका. सुरगाणा-पेठचे बरेच शेतकरी दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. त्या काळात पाड्यावर ठेवलेल्या प्रशिक्षणाला म्हातारी माणसे आणि पोरे येतात. बैठक एप्रिल-मेमध्ये, राबाच्या (भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजण्याच्या) तयारीच्या सुमारास ठेवावी.

सभासद ठरवताना केवळ सातबारा पाहिला तर गडबड होते. कसणारी बाई असते आणि उताऱ्यावर नाव सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे. कोणी निम्म्याने शेत कसतो, तर कोणाकडे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा असतो. प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव गटाच्या नोंदवहीत आधीच घ्यावे, एरवी मेहनत एकाची आणि लाभ दुसऱ्याचा असे होते. उत्पादक कंपनी काढायची असल्यास किमान दहा उत्पादक सभासद आणि पाच संचालक लागतात. मात्र करार पाळण्याची सवय लागेपर्यंत, निदान दोन हंगाम, साधा गट पुरतो. घाईने नोंदलेल्या कंपनीला वर्षाच्या लेखापरीक्षणाचा खर्चही पेलत नाही.

पिकानुसार तंत्र

पहिल्या हंगामात एका पिकात दोनच बदल घ्यावेत. पाच घेतले तर कशाने फरक पडला हे कळत नाही आणि मजुरीही पुरत नाही.

भातपट्ट्यात चारसूत्री पद्धत (तुसाची राख, हिरवा पाला, खुणांवर लावणी आणि खताच्या गोळ्या) अल्पभूधारकाला मानवते, कारण तिला यंत्र लागत नाही. परंपरेने रोपवाटिकेची जागा शेण, पाला, फांद्या, गवत पसरून भाजतात. याला राब म्हणतात. राब भाजल्याने तणाचे बी मरते आणि माती भुसभुशीत होते, म्हणून ‘भाजू नका’ एवढेच सांगितले की लोक ऐकून घेतात आणि भाजतात. त्याऐवजी गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि पहिल्या तीन आठवड्यांच्या निंदणीची मजुरी कोण देणार ते करारात लिहायचे. तण वाढले की पुढच्या वर्षी राब पेटलाच. लावणीआधी गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात तुडवतात. रोपे दोरीच्या खुणांवर, चुडाला (एका जागी लावलेल्या जुडीला) दोन-तीन लावतात आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचतात. गुंठ्याला 625, म्हणजे एकराला सुमारे 25,000 गोळ्या. फेकलेला युरिया इगतपुरीच्या पावसात बांधावरून वाहून जातो, खोल खोचलेली गोळी जागेवर राहते. अडचण कंबरेची आहे. गोळ्या लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोचाव्या लागतात आणि नेमकी तेव्हाच मजुरांची ओढाताण असते. गोळ्या ओल धरतात, म्हणून प्लास्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवाव्यात. फुटक्या गोळीचा उपयोग नाही.

कांद्यात 120 सेंटीमीटर रुंद, 15 सेंटीमीटर उंच गादीवाफा आणि त्यावर 60 सेंटीमीटर अंतराने ठिबकच्या दोन नळ्या हा पहिला बदल. अवकाळी पाऊस आला तरी पाणी सरीत उतरते आणि मुळाशी तुंबत नाही. दुसरा बदल साठवणीचा आहे आणि तो शेतातच सुरू होतो. लागवडीला 60 दिवस झाल्यावर नत्र देऊ नये. दिले तर माना जाड राहतात आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, कांदा सडतो. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. काढलेला कांदा पातीने झाकून तीन दिवस वावरात सुकवावा, दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवून मगच चाळीत भरावा. इतके करूनही एप्रिलमध्ये लासलगाव-पिंपळगावला भाव पडलेला असेल आणि सोसायटीचा हप्ता डोक्यावर असेल, तर शेतकरी ओला कांदा विकतो. चाळ बांधून देणाऱ्या भागीदारीने साठवलेल्या मालावर उचल मिळण्याची सोय केली नसेल, तर चाळ रिकामी राहते.

सोयाबीनला रुंद सरी-वरंबा, म्हणजे रुंद गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरी, चालतो. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पावसानंतरच करावी. गटाचे पेरणीयंत्र किती जणांना पुरेल हे आधी मोजावे : दिवसाला दहा एकर आणि वाफशाचे (जमीन पेरणीजोगी ओली असण्याचे) सहा दिवस धरले तर साठ एकर. शंभर एकरांची नावे लिहून घेतली की चाळीस एकरवाले दुखावतात, आणि यंत्रावरून झालेले भांडण पाण्याच्या बैठकीपर्यंत जाते.

द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतरचा फुलोऱ्याचा काळ नाजूक असतो. तेव्हा पाऊस झाला की डाउनी (केवडा) रोग, गळ आणि कुज येते. प्लास्टिक आच्छादनाचा खर्च अर्ध्या एकरवाल्याला पेलत नाही. त्याला सामायिक हवामान केंद्र आणि वेळेवरचा फवारणी-सल्ला परवडतो. पावसामुळे उशिरा फवारावे लागले आणि औषधाचा अंश मर्यादेबाहेर गेला, तर निर्यातदार माल नाकारतो. तो माल स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला कोणत्या दराने जाईल, हे करारातच असावे.

पैसा आणि करार

ठिबकसाठी केंद्र आणि राज्य मिळून अल्प व अत्यल्पभूधारकांना ठरलेल्या खर्चमर्यादेच्या 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान आहे. पण अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, खरेदी आधी पदरच्या पैशाने आणि अनुदान नंतर. मधले महिने ज्याला झेपत नाहीत तो दुकानदाराकडून उधारीवर संच घेतो आणि पुढे औषधही त्याच्याच दुकानातून घ्यायला बांधला जातो. भागीदारीतील पैशाचा पहिला उपयोग या मधल्या महिन्यांसाठी बिनव्याजी फिरता निधी म्हणून करावा. फुकट बियाणे वाटण्यापेक्षा याने जास्त माणसे टिकतात.

करार मराठीत, दोन-तीन पानांचा असावा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. प्रात्यक्षिक पाच ते दहा गुंठ्यांवर, शेजारी तेवढेच क्षेत्र नेहमीच्या रितीने. नव्या भागाचे उत्पादन जुन्यापेक्षा कमी आले तर फरक बाजारभावाने कोण भरून देणार, किती दिवसांत, वजन कोण करणार, हे आकड्यांत लिहावे. ‘सहकार्य करण्यात येईल’ असले वाक्य कुठेही ठेवू नये. यंत्राची मालकी, दुरुस्तीचा खर्च आणि संस्था निघून गेल्यावर ते कोणाकडे राहणार हेही लिहावे.

तांत्रिक साथीसाठी कृषी विज्ञान केंद्र, इगतपुरी आणि निफाडची राहुरी कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे, कांद्यासाठी राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावातले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अशी घरे आहेत. प्रत्येकाकडून किती भेटी आणि कोणत्या तारखांच्या आत, हे आधी घ्यावे. करपा येऊन गेल्यावर आलेला तज्ज्ञ नुसता पंचनामा करतो.

नेहमीचे बिघाड

शेततळ्याचा बिघाड सर्वांत महाग पडतो. पावसाचे पाणी साठवण्यासाठी केलेले अस्तरीकरणाचे तळे बोअरच्या पाण्याने भरले की जमिनीखालचे पाणी उघड्यावर उन्हात येते. भरणाऱ्याची बाग वाचते आणि शेजाऱ्यांच्या विहिरी माघातच तळ गाठतात. तळ्याला मदत देताना ते कोणत्या पाण्याने भरायचे ही अट लेखी हवी आणि ती तपासण्याचे काम गावाने नेमलेल्या माणसाकडे द्यावे, फडातल्या पाटकऱ्यासारखे.

फळपीक विमा दुसरा. भरपाई महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते. डोंगराच्या एका अंगाला ढग फुटतो आणि केंद्र दुसऱ्या अंगाला कोरडे असते. गटाने बसवलेल्या पर्जन्यमापकाची नोंद भरपाईसाठी धरली जात नाही, हे हप्ता भरतानाच सांगावे. पर्जन्यमापकाची नोंदवही पेरणी आणि फवारणी ठरवायला उपयोगी पडते. रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर लिहायचे, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. शून्य न लिहिलेल्या वहीत कोरडा दिवस आणि चुकलेली नोंद वेगळी ओळखता येत नाही, आणि पावसाचा खंड किती दिवसांचा पडला हे कळत नाही.