टंगस्टन कार्बाइड भुकटी
टंगस्टन आणि कार्बन यांच्या एकास एक अणूंपासून बनलेल्या संयुगाची करडी, गंधहीन भुकटी. सातारा, मिरज, कुपवाड किंवा पलूसच्या औद्योगिक वसाहतींत हिचे डबे क्वचितच दिसतात. तिथे ती पोहोचते घट्ट तुकड्याच्या रूपात : लेथवरची टिप (धातू कापणारे टोक), मिलिंगचा इन्सर्ट (बदलता येणारे पाते), बोअरच्या बिटावरचे बटन. हा तुकडा ग्राइंडरवर धरला की त्याची पुन्हा भुकटी होते. या भागात धोका आहे तो मुख्यतः याच धुळीचा.

घनता सुमारे १५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट. मोस मापावर (१ ते १० अशी कठिनतेची पट्टी) कठिनता ९ च्या पुढे, वितळबिंदू सुमारे २,८०० अंश सेल्सियस. पाण्यात ती विरघळत नाही आणि बहुतेक आम्लांना दाद देत नाही. हवेत मात्र ५०० ते ६०० अंशांच्या पुढे तिचे ऑक्सिडीकरण सुरू होते.

टंगस्टनची भुकटी आणि काजळी एकत्र करून सुमारे १,४०० अंशांवर किंवा त्याहून जास्त तापवली की टंगस्टन कार्बाइड मिळते. नुसते कार्बाइड ठिसूळ असते. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ च्या सुमारास त्यात कोबाल्ट हा धातू मिसळण्याची युक्ती काढली आणि अशा मिश्रणाचे, म्हणजे ‘कठीण धातू’चे युग सुरू झाले. मिश्रण साच्यात दाबून सुमारे १,४०० अंशांवर भाजतात; कोबाल्ट वितळून कणांना बांधतो आणि तुकडा आक्रसून घट्ट होतो. कोबाल्ट वाढवला तर चिवटपणा वाढतो, कठिनता घटते. कण बारीक ठेवले तर धार चांगली टिकते. खडक फोडायला जाड कण बरे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कार्बाइडची खरी कसोटी लागते ती बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत बोअर मारताना हवेच्या दाबावर चालणारा हॅमर काळा पाषाण फोडतो, आणि त्या बिटाच्या तोंडावर कार्बाइडची बटने बसवलेली असतात. साधे पोलाद तिथे फार काळ टिकत नाही. कास्टिंग आणि फोर्जिंगचे भाग मशिनवर कापण्यासाठी, वायर ओढण्याच्या डायसाठी (साच्यासाठी), वाळूमिश्रित पाण्याने झिजणाऱ्या पंपांच्या सीलसाठीही कार्बाइड वापरतात. झिजलेल्या शाफ्टवर मात्र ती भुकटीच्याच रूपात, ज्योतीच्या झोताने फवारली जाते.

घट्ट टिप हाताळायला निर्धोक आहे, तिची धूळ नाही. कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइड यांची एकत्रित धूळ फुप्फुसांना नुसत्या कार्बाइडपेक्षा कितीतरी जास्त अपाय करते. कोरडा खोकला, चढावर दम लागणे, सुट्टीच्या दिवशी कमी होणारी घरघर ही सुरुवातीची चिन्हे. पुढे फुप्फुसांत कायमचे व्रण पडू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये या मिश्रणाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. कोबाल्टमुळे त्वचेवर इसबही उठते. कूलंटात (घासताना थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवात) कोबाल्ट हळूहळू विरघळतो, त्यामुळे जुने कूलंट बदलणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे. धार लावणाऱ्या कामगाराला यातले बहुतेक कोणी सांगत नाही. ते कामाच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

म्हणून टिप किंवा बटन शक्यतो डायमंड व्हीलवर, पाणी सोडून घासावे आणि धूळ चाकाजवळच ओढून घेणारा पंखा बसवावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. चेहऱ्यावर नीट बसणारा, बारीक धूळ गाळणारा मास्क आणि चष्मा लागतो. कपड्यांवर किंवा मशिनवर हवा मारू नये, कोरडा झाडूही नको. ओल्या फडक्याने किंवा बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने पुसावे. ग्राइंडरपाशी चहा, तंबाखू नको. कामाचे कपडे घरच्या धुण्यात जाऊ देऊ नयेत.

भुकटीचे डबे घट्ट झाकून कोरड्या जागी, ठिणगीपासून दूर ठेवावेत. अतिसूक्ष्म भुकटी पेट घेऊ शकते. तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर धूळ उडते, म्हणून कोरडी वाळू हाताशी असावी. खोकला रेंगाळला तर मिरजेला किंवा साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडे जाताना आपण कार्बाइड घासतो हे त्यांना आवर्जून सांगावे. कूलंटच्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ गटारात न ओतता बंद डब्यात साठवावा. त्यातून आणि मोडक्या टिपांतून टंगस्टन व कोबाल्ट परत काढता येतात.